सिंफनीत शब्द कधी येतो? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीविषयी लिहिताना तिच्या शेवटच्या भागातील समूहगायनाला मी एकच परिच्छेद दिला होता, आणि आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्या परिच्छेदाबद्दलची आहेत. त्यामुळे या वेळचे सदर संपूर्णपणे कोरल सिंफनीला, म्हणजे ज्या सिंफनीत वाद्यांच्या जोडीने गायकांचा समूह गातो त्या प्रकाराला, दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सिंफनी ही केवळ वाद्यांची रचना, असेच आम्ही वाचत आलो. ऑपेरा, ऑरेटोरिओ आणि चर्चमधील मास या रचनांतही ऑर्केस्ट्रा आणि समूहगायन असतेच. मग मोजक्या काही रचनांनाच कोरल सिंफनी का म्हणायचे? (सांगली)

उत्तर : रचनेचा भार कोण वाहतो, यावर ते ठरते. ऑरेटोरिओत कथा किंवा प्रार्थना हा कणा असतो. शब्द पुढे सरकतात तसे संगीत पुढे सरकते आणि ऑर्केस्ट्रा त्यांना आधार देतो. सिंफनीचा कणा स्वरांचाच असतो. एखादी छोटी स्वराकृती मांडायची, तिच्यासमोर दुसरी उभी करायची, दोघींना दूरच्या पट्ट्यांतून फिरवून आणायचे आणि आरंभी निर्माण केलेला ताण अखेरीस सोडवायचा, ही तिची रीत आहे. हायडनने शंभराहून अधिक सिंफनी लिहिल्या, मोत्सार्टने चाळीसच्या आसपास. त्यांत कोणी गात नाही. कोरल सिंफनीत हीच रीत कायम राहते आणि गायकांचा समूह त्या स्वरांच्या वादात एक पक्ष म्हणून उतरतो.

आपल्या रचनेसाठी हे नाव जाणीवपूर्वक वापरले ते फ्रेंच संगीतकार बर्लिओझने. 1839 साली पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या त्याच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'च्या प्रस्तावनेत त्याने बजावले आहे की ही रचना मैफलीत गायचा ऑपेरा नव्हे, कँटाटा (ऑर्केस्ट्राच्या साथीची गायनरचना) हीही नव्हे. ती समूहगायनासह लिहिलेली सिंफनी आहे.

सीमारेषेवरच्या रचना पुष्कळ आहेत. माहलरच्या चौथ्या सिंफनीत शेवटी एकटी सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) गाते, समूह नाही. म्हणून ती कोरल नव्हे. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची चौदावी दोन एकल गायकांसाठी आहे. व्हॉन विल्यम्सच्या 'सिन्फोनिया अंटार्क्टिका'त स्त्रियांचा समूह आहे, परंतु तो शब्द उच्चारतच नाही, नुसता स्वर लावतो. तिथे माणसाचा गळा हे आणखी एक वाद्य झाले आहे. अशा रचनेला मी स्वतः कोरल सिंफनी म्हणत नाही, कारण या प्रकारातील खरा पेच शब्दाचा आहे. जी कला शब्दावाचून सर्व काही सांगू शकते असे मानले जात होते, तिने शब्दाला आत का घ्यावे आणि कोणत्या क्षणी घ्यावे? पुढच्या बहुतेक उत्तरांत हा पेच फिरून येईल.

प्रश्न : बीथोव्हेनसारख्या श्रेष्ठ वाद्यसंगीतकाराला शब्द का लागले? वाद्यांची भाषा त्याला अपुरी वाटू लागली, असे समजायचे का? (पुणे)

उत्तर : तसे समजले तर आधीच्या तीन भागांवर अन्याय होईल. मात्र हा निर्णय सहज झालेला नाही, एवढे निश्चित. जर्मन कवी शिलरची 'आनंदास' ही कविता 1785 मधली. ती स्वरबद्ध करण्याचा बीथोव्हेनचा विचार आहे, असे बॉनमधील एका प्राध्यापकाने 1793 साली शिलरच्या पत्नीला पत्राने कळवले होते. तेव्हा बीथोव्हेन बावीस वर्षांचा होता. नववी सिंफनी प्रथम वाजली ती 7 मे 1824 रोजी. मधली तीस वर्षे कविता त्याच्या मनात राहिली, पण ती एखाद्या सिंफनीत जाईल हे ठरलेले नव्हते. लंडनच्या फिलहार्मॉनिक सोसायटीने 1822 मध्ये 50 पौंड देऊ करून नवी सिंफनी मागितली, त्यानंतरही शेवटचा भाग केवळ वाद्यांचा करण्याचा पर्याय त्याच्या टिपणवह्यांत शिल्लक होता. त्यासाठी योजलेली स्वराकृती पुढे त्याने ए मायनरमधील ऑपस 132 या तंतुवाद्य-चौकडीच्या शेवटच्या भागात वापरली. शब्दांवाचून शेवट करण्याची सामग्री हाताशी असताना त्याने शब्द निवडले.

का निवडले, याचे उत्तर मला त्या भागाच्या पहिल्या काही मिनिटांतच सापडते. सुरुवातीला सगळी सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्ये आणि टिंपनी हे मोठे नगारे मिळून एक कर्कश कल्लोळ उठवतात. त्याला चेलो आणि डबल बास ही खर्जातील तंतुवाद्ये उत्तर देतात. ऑपेरातील गायक मुख्य गाण्याआधी बोलल्यासारखे जे गातो, त्या धाटणीचे हे उत्तर आहे, फक्त त्यात शब्द नाहीत. मग पहिल्या भागाची आठवण उमटते आणि चेलो-बास ती थांबवतात. दुसऱ्या भागाची उमटते, तीही थांबवली जाते. तिसऱ्या, संथ भागाचे एक-दोन बार (तालाचे छोटे खंड) ऐकू येतात. त्यांना जरा अधिक मायेने वागवले जाते, पण तेही बाजूला सारले जातात. त्यानंतर लाकडी सुषिर वाद्ये एका नव्या चालीची चाहूल देतात, ती मात्र चेलो-बास स्वीकारतात आणि अगदी हलक्या आवाजात, कोणत्याही साथीविना वाजवू लागतात. चाल एकामागून एक वाद्यसमूहांकडे जात जात पूर्ण ऑर्केस्ट्राच्या वैभवात पोहोचते. इथे भाग संपला असता तरी तो थोर ठरला असता. परंतु तो आरंभीचा कल्लोळ पुन्हा कोसळतो, पहिल्यापेक्षाही भयंकर, आणि या खेपेला त्याला उत्तर द्यायला बॅरिटोन (मध्यम-खर्ज आवाजाचा) गायक उभा राहतो: "मित्रांनो, हे सूर नकोत! आपण अधिक गोड, अधिक आनंदाचे सूर लावू या." हे शब्द शिलरचे नाहीत, बीथोव्हेनचे स्वतःचे आहेत.

चेलो आणि डबल बास मघापासून काय म्हणू पाहत होते, ते आता कळते. वाद्यांनी नकार द्यायचे काम केले, निवड करायचे काम केले, शब्द अगदी ओठांवर आणून ठेवला, आणि मग माणसाने तो उच्चारला. म्हणून वाद्ये अपुरी पडली असे मी म्हणणार नाही. शब्दाला जागा करून दिली ती त्यांनीच.

कवितेबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिलरच्या मूळ पाठात "भिकारी राजपुत्रांचे बंधू होतात" अशी ओळ होती. नंतर त्यानेच ती बदलून "सर्व माणसे बंधू होतात" अशी केली. बीथोव्हेनने हा सुधारित पाठ घेतला, त्यातलीही निवडक कडवीच घेतली आणि त्यांचा क्रम आपल्या गरजेप्रमाणे लावला. स्वतः शिलरला उत्तरायुष्यात ही कविता सदोष वाटत असे.

शेवटचा भाग सर्वांनाच पटला, असेही नाही. व्हेर्दीने पहिल्या तीन भागांना अलौकिक म्हटले आणि शेवटच्या भागात आवाजांची मांडणी वाईट झाली आहे, असे स्पष्ट लिहिले. ऑपेरात आयुष्य घालवलेल्या संगीतकाराला तसे वाटावे हे समजण्यासारखे आहे, कारण बीथोव्हेन गळ्याची गैरसोय जुमानत नाही. त्याविषयी पुढे म्हापशाच्या वाचक भगिनींच्या उत्तरात लिहितो.

प्रश्न : मी पेटी शिकतो. नवव्या सिंफनीतील आनंदगीताची चाल आपल्या स्वरांत लिहून द्याल का? (चिपळूण)

उत्तर : अवश्य. सर्व स्वर शुद्ध घ्या. पहिली ओळ अशी: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. दुसरी ओळ तशीच, फक्त शेवट रे सा सा असा. तिसरी ओळ: रे रे ग सा, रे गम ग सा, रे गम ग रे, सा रे आणि मग मंद्र पंचम. चौथी ओळ दुसरीसारखीच आहे, मात्र तिचा पहिला ग ज्या मात्रेवर यायला हवा तिच्या एक मात्रा आधीच लागतो आणि पुढच्या मात्रेपर्यंत धरून ठेवायचा असतो. पेटीवर बसवताना हीच जागा चुकते. ती सरळ वाजवली तर चाल शाळेच्या प्रार्थनेसारखी वाटते. ग वेळेआधी आला की आनंद आवरेनासा झाल्याचा भास होतो.

एक मंद्र पंचम सोडला तर सारी चाल सा ते प एवढ्या पाच स्वरांत आहे आणि जवळजवळ सर्वत्र शेजारच्या स्वरावरच जाते. ज्याने कधी गाणे शिकलेले नाही त्यालाही ती म्हणता यावी, अशी ही योजना आहे. सर्व माणसांविषयीचे शब्द सर्वांना गाता येतील अशा चालीत असावेत, हे बीथोव्हेनने किती विचारपूर्वक साधले आहे ते पेटीवर बोटे ठेवली की लगेच कळते.

प्रश्न : आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी आल्टो गाते. चाल इतकी सोपी असताना नवव्या सिंफनीचा समूहभाग अवघड का मानतात? हौशी वृंदाने तो गाऊ नये का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : आपल्याला चार आवाजांची मांडणी समजावून सांगण्याची गरज नाही, गोव्यातील पॅरिश शाळांनी स्वरलिपी वाचणारे गायक आणि वादक पिढ्यान्‌पिढ्या घडवले आहेत. इतर वाचकांसाठी एवढेच लिहितो की आपल्या भजनात किंवा समूहगीतात सगळे एकच चाल म्हणतात, तर इथे सोप्रानो व आल्टो (स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर व बास (पुरुषांचे उंच आणि खालचे आवाज) हे चार गट एकाच वेळी चार निरनिराळ्या स्वरमाला गातात.

अडचण चालीत नाही, चालीचे पुढे जे होते त्यात आहे. सोप्रानोंना वरच्या ए स्वरावर पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि 'आनंद' व 'कोट्यवधींनो, आलिंगन घ्या' हे दोन्ही विषय एकमेकांत गुंफणाऱ्या दुहेरी फ्यूगमध्ये (एका आवाजाने मांडलेला विषय दुसरे आवाज पाठोपाठ उचलतात ती रचना) तोच स्वर सलग कित्येक बार धरून ठेवावा लागतो. टेनर आणि बासही आपापल्या पट्टीच्या वरच्या टोकाला फार वेळ राहतात. त्यातच भर म्हणजे पहिले तीन भाग, पाऊण तासाच्या आसपास, समूहाने गप्प बसायचे आणि मग गळा गरम झालेला नसताना एकदम पूर्ण ताकदीने उठायचे. म्हणून काही वृंद सुरुवातीपासून न बसता दुसऱ्या भागानंतर रंगमंचावर येतात. आल्टोंची गोष्ट वेगळी आहे: आपला आवाज मधल्या पट्टीत दाटीवाटीत सापडतो आणि ऑर्केस्ट्रात बुडण्याची भीती असते. आपल्या गटाने तारस्वरापेक्षा शब्दारंभीच्या व्यंजनांवर मेहनत घ्यावी, असे मी सुचवीन.

हौशी वृंदाने गाऊ नये, हे मला मुळीच मान्य नाही. जपानमध्ये डिसेंबर महिन्यात ही सिंफनी गावोगाव हौशी गायकांकडून गायली जाते, आणि ओसाका येथे 1983 पासून दहा हजार गायकांचा मेळावा तिच्यासाठी भरतो. जपानमध्ये ती पहिल्यांदा पूर्ण वाजली 1 जून 1918 रोजी, बांदो येथील युद्धकैद्यांच्या छावणीत. कैदी जर्मन होते आणि छावणीत स्त्रिया नव्हत्या, त्यामुळे सोप्रानो आणि आल्टोंचे भाग पुरुषांना गाता येतील असे बदलून घ्यावे लागले. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर महिनाभरात, 10 एप्रिलला, मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी टोकियोत मदतनिधीसाठी हीच सिंफनी सादर केली.

प्रश्न : बीथोव्हेननंतर लगेच अशा सिंफनींची रांग लागली असेल ना? (नागपूर)

उत्तर : रांग लागली नाही, कारण त्या शिखराच्या छायेत उभे राहण्याची भीती मोठी होती. वाग्नरने तर नवव्या सिंफनीनंतर सिंफनीचा मार्गच संपला आणि पुढचा रस्ता आपल्या संगीतनाट्याकडे जातो, असा सिद्धांत मांडला. मेंडेल्सोनची 'स्तुतिगान' ही रचना 25 जून 1840 रोजी लायप्झिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये, गुटेनबर्गच्या मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवात सादर झाली. तीन भाग वाद्यांचे आणि मग एकापुढे एक गायनाचे, अशी तिची मांडणी आहे. अगदी आरंभी ट्रॉम्बोन जो स्वरसमूह वाजवतात, तोच पुढे समूह "ज्याच्यात प्राण आहे त्या प्रत्येकाने प्रभूची स्तुती करावी" या शब्दांवर गातो. जोड सुबक आहे, पण शब्द येण्याआधी जी निकड वाटायला हवी ती मला तिथे जाणवत नाही.

बर्लिओझने मात्र बीथोव्हेनच्या प्रश्नाला उलटे उत्तर दिले, आणि ते मला फार आवडते. त्याच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'मध्ये समूह गातो, धर्मगुरू गातो. पण रोमिओ आणि ज्युलिएट दोघेही गात नाहीत. त्यांचा प्रेमप्रसंग सर्वस्वी ऑर्केस्ट्राकडे आहे. शब्दांनी अर्थाला मर्यादा पडेल आणि वाद्यांची भाषा अधिक समृद्ध, अधिक मोकळी आहे, असे कारण त्याने स्वतः दिले आहे. समूह हाताशी असताना ऐन मोक्याच्या जागी तो न वापरणे हेही कोरल सिंफनी समजल्याचेच लक्षण आहे. लिस्टने 'फाउस्ट सिंफनी' 1854 मध्ये आधी केवळ वाद्यांसाठी पूर्ण केली आणि 1857 मध्ये शेवटी टेनर व पुरुषांचा समूह जोडला. त्या शेवटासाठी घेतलेल्या जर्मन कवी ग्योथेच्या ओळी लक्षात ठेवा; त्या पुढच्या उत्तरात पुन्हा येणार आहेत.

प्रश्न : माहलरच्या आठव्या सिंफनीला हजारांची सिंफनी म्हणतात. खरोखर हजार कलावंत लागतात का? आणि तीच त्याची सर्वांत मोठी कोरल सिंफनी समजावी का? (ठाणे)

उत्तर : 12 सप्टेंबर 1910 रोजी म्युनिकमध्ये माहलरने स्वतः ती प्रथम सादर केली, तेव्हा 858 गायक आणि 171 वादक होते, वाद्यवृंदाचा संचालक धरून 1030. व्हिएन्ना आणि लायप्झिगच्या वृंदांनी आपापल्या गावी तालीम करून ठेवली होती, म्युनिकच्या मुलांचा मोठा समूह वेगळा होता, आणि या सर्वांना एकत्र आणण्याचे काम महिनोन्‌महिने चालले होते. 'हजारांची सिंफनी' हे नाव कार्यक्रमाचा व्यवस्थापक एमिल गुटमान याने जाहिरातीसाठी काढले. माहलरला ते पसंत नव्हते. आज ती याहून कितीतरी कमी गायकांत होते आणि ऐकायलाही स्पष्ट लागते.

पहिल्या भागात 'ये, सर्जक आत्म्या' हे लॅटिन स्तोत्र आहे आणि दुसऱ्यात ग्योथेच्या 'फाउस्ट'चा अंतिम प्रवेश. लिस्टने घेतलेल्या त्याच ओळींनी, "जे जे नश्वर ते ते केवळ प्रतीक" या उद्गाराने सुरू होणाऱ्या समूहगानाने, तिची सांगता होते. या सिंफनीत शब्दाची वाट पाहावीच लागत नाही. ऑर्गनचा एक स्वरसंघ वाजतो आणि लगोलग समूह आवाहन करतो. शब्द पहिल्यापासून घरचा आहे. स्ट्राव्हिन्स्कीच्या 1930 च्या 'स्तोत्रांची सिंफनी'तही असेच आहे, तिथे तर व्हायोलिन आणि व्हिओला मुळीच नाहीत. पण तिचा स्वभाव कोरडा आणि कठोर, माहलरच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आकाराने आठवीच मोठी. पण शब्द कमावून आणलेली माहलरची सिंफनी म्हणाल तर मी दुसरीचे, 'पुनरुत्थान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिंफनीचे नाव घेईन. तिचा पहिला भाग 1888 मधला आहे आणि त्याला त्याने 'अंत्यसंस्कार' असे नाव दिले होते. पुढचे भाग 1893 च्या उन्हाळ्यात आले. शेवट मात्र सुचेना. समूह आणावा असे मनात होते, परंतु लोक बीथोव्हेनची नक्कल म्हणतील या भीतीने तो थबकला होता; हे त्याने एका पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे. 1894 मध्ये हान्स फोन ब्यूलो हा विख्यात संचालक वारला. हाच ब्यूलो, ज्याने तीन वर्षांपूर्वी माहलरने पियानोवर वाजवून दाखवलेला तो पहिला भाग ऐकवत नाही म्हणून कानांवर हात ठेवले होते. 29 मार्चला हॅम्बुर्गच्या चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीत क्लॉपश्टॉक या कवीचे पुनरुत्थानाचे स्तोत्र गायले गेले, आणि माहलरला आपला शेवट सापडला. त्याने क्लॉपश्टॉकची थोडी कडवी घेऊन पुढचे बहुतेक शब्द स्वतः लिहिले. संपूर्ण सिंफनी 13 डिसेंबर 1895 रोजी बर्लिनमध्ये सादर झाली.

बीथोव्हेनचा समूह गर्जत येतो. माहलरने नेमके उलट केले. प्रलयाचा कोलाहल होऊन गेला आहे, रंगमंचामागून दूरवरची हॉर्न आणि ट्रम्पेट ऐकू येत आहेत, बासरी आणि पिकोलो एखाद्या एकट्या राहिलेल्या पक्ष्यासारखी वाजत आहेत. मग तीही थांबतात. त्या शांततेत, साथीला एकही वाद्य नसताना, शेकडो माणसे जितक्या हळू गाता येईल तितक्या हळू म्हणतात, "उठशील, होय, तू पुन्हा उठशील." पुष्कळ वृंद हा प्रवेश बसल्या जागीच गातात, म्हणजे उभे राहण्याची हालचालही शांतता मोडत नाही. नक्कल होण्याच्या भीतीतूनच त्याला स्वतःचा मार्ग मिळाला, असे मला वाटते.

प्रश्न : नोकरीनिमित्त सध्या लीड्समध्ये आहे. इथल्या संगीतप्रेमींकडून ऐकले की काही कोरल सिंफनी पहिल्यांदा याच गावात वाजल्या आणि त्यांच्यापैकी एका संगीतकाराला संस्कृत येत असे. हे खरे का? (लीड्स, इंग्लंड)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लीड्सच्या संगीतोत्सवात 12 ऑक्टोबर 1910 रोजी, म्हणजे माहलरच्या आठवीनंतर बरोबर एक महिन्याने, व्हॉन विल्यम्सने आपली 'सागर सिंफनी' सादर केली. तो त्याचा अडतिसावा वाढदिवस होता. शब्द अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचे आहेत. पितळी वाद्यांची एक छोटी ललकारी होते आणि पूर्ण समूह "पाहा, सागर!" अशी हाक देतो, 'सागर' या शब्दावर ऑर्केस्ट्राची पट्टी अशी काही पालटते की डोळ्यांपुढे एकदम क्षितिज खुले होते.

दुसरे नाव गुस्ताव्ह होल्स्टचे. त्याची 'पहिली कोरल सिंफनी' 1925 च्या लीड्स उत्सवात झाली, तिचे शब्द कीट्सच्या कवितांचे आहेत. हा होल्स्ट तरुणपणी संस्कृत शिकला, ते इंग्रजी भाषांतरांनी समाधान होईना म्हणून. 1908 ते 1912 या काळात त्याने ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः भाषांतर करून समूहगायनाचे चार संच रचले, आणि महाभारतातील सावित्रीच्या कथेवर एक छोटा ऑपेराही लिहिला. या रचना सिंफनी नव्हेत, आणि त्यांत भारतीय राग शोधू नयेत. पण शब्दाच्या वजनाकडे पाहण्याची त्याची दृष्टी त्या सूक्तांत घडली आणि पुढे कीट्सपर्यंत टिकली, असे दोन्ही ऐकल्यावर वाटते.

आणखी एका भारतीय धाग्याबद्दल दोन वाचकांनी विचारले आहे. झेमलिन्स्कीच्या 'लिरिक सिंफनी'त रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'द गार्डनर'मधील कवितांचे जर्मन रूपांतर गायले जाते. ती 1924 मध्ये प्रागला प्रथम झाली. परंतु तीत बॅरिटोन आणि सोप्रानो आळीपाळीने गातात, समूह नाही. म्हणून आजच्या विषयाच्या ती उंबरठ्यावरच राहते.

प्रश्न : शब्द आले की अर्थ उघडा पडतो. सत्तेच्या दडपणाखाली राहणाऱ्या संगीतकाराला ते परवडते का? शोस्ताकोविचने समूह वापरला होता का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वापरला, आणि आपल्या प्रश्नाचे दोन्ही पैलू त्याच्या आयुष्यात दिसतात. त्याची दुसरी आणि तिसरी सिंफनी 1920 च्या दशकाअखेरची. दोन्हींच्या शेवटी समूह क्रांतीचा गौरव गातो. पुढची तीन दशके त्याच्या सिंफनी शब्दाविना राहिल्या आणि श्रोते त्यांत आपापला अर्थ वाचत राहिले. 1962 मध्ये मात्र तेराव्या सिंफनीत त्याने येव्तुशेन्को या तरुण कवीच्या पाच कविता घेतल्या. पहिलीचे नाव 'बाबी यार'. कीव्हजवळच्या याच दरीत नाझींनी सप्टेंबर 1941 मध्ये दोन दिवसांत 33,000 हून अधिक ज्यूंना ठार मारले होते, आणि तिथे स्मारक नाही, या वाक्याने कविता सुरू होते. ज्यूद्वेष केवळ शत्रूचा नव्हता, घरचाही होता, हे ती सांगते. त्यामुळे सोव्हिएत अधिकारी अस्वस्थ झाले.

ठरलेल्या संचालकाने नकार दिला. ऐन दिवशी ठरलेला बास गायक आला नाही आणि तयारीत असलेल्या दुसऱ्या गायकाने, ग्रोमाद्स्कीने, जागा घेतली. 18 डिसेंबर 1962 रोजी मॉस्कोत किरिल कोंद्राशिनने ती सादर केली, पण कार्यक्रमपत्रिकेत कवितांचे शब्द छापले गेले नाहीत. नंतर कवीला काही ओळी बदलाव्या लागल्या. लक्षात घ्या, स्वरांत बदल करायला कोणी सांगितले नाही.

या सिंफनीत समूह फक्त बास आवाजांच्या पुरुषांचा आहे आणि तो बहुतांशी एकाच सुरात गातो, चार पदरांत नाही. याचे कारण उघड आहे: प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळला पाहिजे. फ्यूगच्या गुंफणीत शब्द हरवतो. इथे तो हरवून चालणार नव्हता.

प्रश्न : यांतले काहीच ऐकलेले नाही. सुरुवात कुठून करावी? (अनेक वाचक)

उत्तर : थेट नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागापासून करा, आणि शब्दांचे भाषांतर समोर ठेवा. हा भाग सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे. ओळख झाली की पुढच्या खेपेस सबंध सिंफनी पहिल्यापासून ऐका, कारण चेलो-बास कशाकशाला नकार देत आहेत हे ते तीन भाग ऐकल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर 'सागर सिंफनी'चा पहिला भाग घ्या. तो एका ऐकण्यातच आपलासा होतो. तेरावी सिंफनी कविता वाचून झाल्याखेरीज लावू नका.

माहलरच्या दुसऱ्या सिंफनीसाठी झुबिन मेहतांनी 1975 मध्ये व्हिएन्ना फिलहार्मॉनिकसह केलेले ध्वनिमुद्रण मी सुचवतो. ते आजही सहज मिळते. ती जवळजवळ दीड तासाची आहे आणि पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटे थांबावे, अशी खुद्द माहलरची सूचना स्वरलिपीत आहे. तेवढे खरोखर थांबा. शेवटच्या भागात समूह येतो तेव्हा काही ऐकूच येत नाही असे वाटून आवाज वाढवण्याचा मोह होईल. तो वाढवू नका, पुढे ऑर्गन आणि घंटा यायच्या आहेत. त्याऐवजी खोलीतला पंखा बंद करा.